एकास पस्तीस

रस्त्याच्या कडेला लष्कराच्या गाड्यांचा ताफा थांबला की बघ्यांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारातले लोक जवानांना हात करतात, पोरांना उचलून दाखवतात, फारच उमाळा आला तर ‘भारतमाता की जय’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारातला माणूस बहुधा एकटाच असतो. तो सरळ डांबरावर उकिडवा बसतो आणि मान वाकडी करून ट्रकच्या पोटाखाली बघू लागतो. देवळाली कॅम्पच्या बाजूला राहणाऱ्यांनी असा इसम पाहिला असेल. जवान संशयाने ‘क्या देख रहे हो?’ असं विचारतो आणि हा अत्यंत निष्पापपणे उत्तर देतो, ‘ॲक्सल.’

या जमातीला मी मॉडेलकर म्हणतो. वय पन्नाशीच्या अल्याड-पल्याड, नोकरी बँकेत नाहीतर विम्यात, खिशात पेनाऐवजी चिमटा. उजव्या अंगठ्यावर सुपरग्लूचा कायमचा थर असल्यामुळे कचेरीतलं हजेरीचं यंत्र त्याला कर्मचारी मानायला तयार नसतं. प्लास्टिकच्या सुट्या भागांतून लष्करी ट्रकची एकास पस्तीस प्रमाणातली प्रतिकृती उभी करणं हा त्याचा उद्योग. छंद म्हटलेलं त्याला चालतं. खेळणं म्हटलेलं चालत नाही. पाहुणे मात्र नेमकं तेच म्हणतात आणि वर विचारतात, ‘रिमोट कुठाय?’

रणगाडे आणि विमानं करणारे वेगळे. त्यांना ट्रकवाला मनातून उथळ समजतो. रणगाडा काय, कुणालाही आवडतो. त्याला तोफ असते. पण त्या रणगाड्याला पेट्रोल कोण नेऊन देतं? गोळे, पाव, बूट, टपाल कोण पोचवतं? असा प्रश्न टाकून तो थोडा वेळ गप्प बसतो. आपणही बसावं. कारण पुढचा एक तास जीएमसीचा असतो.

जीएमसी सीसीकेडब्ल्यू. अमेरिकेचा दुसऱ्या महायुद्धातला अडीच टनी ट्रक, तीन ॲक्सल, इंजिनाची ताकद सगळ्या चाकांना. अमेरिकन सैनिक लाडाने त्याला ‘जिमी’ म्हणत. असे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक तयार झाले. १९४४ च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्य फ्रान्समध्ये इतक्या वेगाने पुढे घुसलं की रसद मागे राहिली. रेल्वे तर आपल्याच विमानांनी आधी मोडून ठेवलेली. मग २५ ऑगस्टपासून ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाची ट्रकची अखंड साखळी सुरू झाली. जाण्याचा रस्ता वेगळा, येण्याचा वेगळा, इतर वाहनांना मज्जाव. भरात असताना जवळपास सहा हजार गाड्या दिवसाला साडेबारा हजार टन माल ओढत होत्या. १६ नोव्हेंबरला ती बंद झाली. चालकांपैकी चारात तीन कृष्णवर्णीय होते. त्यांच्याच सैन्याने त्यांना वेगळ्या तुकड्यांत ठेवलं होतं, आणि सगळं सैन्य त्यांच्या स्टिअरिंगवर टेकलेलं होतं. हे सांगताना मॉडेलकराचा आवाज खाली येतो आणि तेवढ्यापुरता तो ॲक्सल विसरतो. मला तो या क्षणी फार आवडतो. क्षण टिकत नाही, हा भाग वेगळा.

कारण ॲक्सल. या ट्रकच्या ॲक्सलमध्ये दोन जाती. एकीत डिफरन्शियलचा गोळा मधोमध उभा दुभागून बोल्टांनी जोडलेला, दुसरीत तो बँजोच्या पेटीसारखा गोल. केबिनही दोन तऱ्हांच्या, आधी पत्र्याची बंद, नंतर ताडपत्रीची उघडी. हौदा कधी पोलादी, कधी पोलाद वाचवण्यासाठी लाकडी. आता यातल्या कोणत्या केबिनखाली, कोणत्या हौद्याबरोबर कोणता ॲक्सल शोभतो यावर माणसांनी मैत्र्या मोडल्या आहेत. सोयरीक जुळवताना गोत्र जेवढं बघत नाहीत तेवढं हे लोक ॲक्सल बघतात. डब्यातला ॲक्सल चुकीचा निघाला तर मॉडेलकर तो फेकून देतो, दुसरा परदेशातून मागवतो, तो येईपर्यंत चार महिने थांबतो, मग तो बसवून, रंगवून, त्यावर तेलाचे डाग काढून ट्रक सरळ करतो आणि पाटावर कायमचा चिकटवून टाकतो. यापुढे तो ॲक्सल कुणालाही दिसणार नसतो. ‘पण मला माहीत आहे ना!’ असं तो म्हणतो. माणसं देवाबद्दलसुद्धा इतक्या खात्रीने बोलत नाहीत.

गंमत म्हणजे ज्या प्रमाणासाठी हा एवढा जीव टाकतो, ते प्रमाणच मुळात अपघाताने ठरलेलं. जपानमधल्या शिझुओका गावच्या तामिया कंपनीने साठीच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात, एवढ्या हिशेबाने त्याचा आकार ठरवला. रणगाडा धडाक्याने खपला. मग मोजून पाहिलं तर प्रमाण साधारण एकास पस्तीस निघालं. तेच पुढे रूढ झालं. म्हणजे बॅटऱ्यांनी ठरवलेल्या मापात साडेसहा मीटरचा जीएमसी साडेअठरा सेंटिमीटरचा होतो, आणि इथला एक मिलिमीटर तिथे साडेतीन सेंटिमीटर होतो. म्हणून मॉडेलकर एका मिलिमीटरने कासावीस होतो. मुलगी दहावीत तीन टक्क्यांनी मागे पडली तेव्हा तो इतका कासावीस झाला नव्हता, असं घरून सांगण्यात येतं.

घरात त्याने काय काय पळवलं आहे याची मोजदाद करणं अवघड. बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर. हेअरड्रायर. तुटलेल्या चार्जरमधली तांब्याची तार. तिच्या ब्रेकच्या नळ्या झाल्या. हौद्यावरची ताडपत्री म्हणजे पातळ फेविकॉलमध्ये बुचकळलेला टिश्यू पेपर, आणि तिच्या चुण्या खऱ्या वाटाव्यात म्हणून तो पावसाळ्यात भाजीबाजारात जाऊन ताडपत्र्यांचे फोटो काढून आलेला असतो. भाजी न आणता. भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिची उरलेली काडी ज्योतीवर तापवून ओढली की केसासारखी तार निघते. ही ज्योत संध्याकाळी देवापुढल्या निरांजनाची असते. शुभंकरोती चालू असताना मागून जळक्या प्लास्टिकचा वास येतो आणि सासूबाई डोळे न उघडता म्हणतात, ‘आला.’

पण घराची खरी परीक्षा ‘टिक’ असा आवाज होतो तेव्हा. चिमट्याच्या टोकातून भाग उडाला! ज्वारीच्या दाण्याहून लहान, हिरवट करडा, आणि फरशीही नेमकी करड्या ठिपक्यांची. ‘कुणीही हलू नका!’ या हाकेसरशी घर जागच्या जागी थिजतं. आलेले पाहुणे कपबशी ओठांशी धरून बसतात. मॉडेलकर आडवा होऊन, गाल फरशीला लावून, मोबाइलच्या उजेडात कपाटाखाली बघतो. मग व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुना पायमोजा ताणून बांधला जातो, म्हणजे भाग पोटात न जाता मोज्याला अडकावा. अडकतं काय? एक कर्णफूल, दोन साबुदाणे आणि मागच्या वर्षी हरवलेला वायपर. केर काढणाऱ्या मावशींना त्या खोलीत बंदी असण्याचं कारणही हेच. मावशींना त्याचं दुःख असल्याचं ऐकिवात नाही.

परदेशातून डबा येतो त्याची कथा जकातीची. आंतरराष्ट्रीय जकात-वर्गवारीत ९५०३ हा एक क्रमांक आहे. त्यात तीनचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांच्या गाड्या, कोडी आणि मॉडेलकराची प्रतिकृती हे सगळे शेजारी शेजारी बसवलेले आहेत. ‘हे खेळणं नव्हे’ असं तो वर्षानुवर्षं अभिमानापोटी म्हणत आला. २०२० च्या अर्थसंकल्पात या क्रमांकावरचं शुल्क वीस टक्क्यांवरून साठावर गेलं, २०२३ मध्ये सत्तरावर. तेव्हापासून तो तेच वाक्य अधिक कळवळून म्हणतो.

ट्रक जुळून झाला की सामान्य माणसाला वाटेल, संपलं. इथून तर सुरुवात! आधी तो निर्दोष रंगवायचा. ऑलिव्ह ड्रॅब. तोही डबीतला जसाच्या तसा नव्हे, किंचित फिका करून, कारण लहान वस्तूवर गडद रंग अधिक गडद दिसतो. पांढरा तारा पाण्यात भिजवून अलगद उतरवायचा. आणि मग, या निर्दोष ट्रकची पद्धतशीर नासाडी करायची. पातळ केलेला तैलरंग सांध्यासांध्यांत सोडायचा. कोरड्या ब्रशने कडा घासून उजळायच्या. स्पंजाच्या तुकड्याने फाळक्यावर रंगाचे टवके काढायचे, पण जिथे सैनिकाचा बूट लागेल तिथेच. टाकीच्या तोंडापासून पेट्रोलचा ओघळ. टायर तळाला जरासे घासून चपटे, म्हणजे माल लादलेला वाटावा. शेवटी चिखल.

चिखलाबद्दल त्याची मतं कडक आहेत. नाशिकच्या एका मॉडेलकरांचा ट्रक लेडो रस्त्यावरचा होता. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशातून चीनकडे काढलेला तो रस्ता. १२ जानेवारी १९४५ ला पहिला ताफा तिथून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. तेव्हा नॉर्मंडीचा चिखल कसा चालेल? मेहुणी काझीरंग्याच्या सहलीला निघाली तेव्हा त्यांनी तिच्या हातात प्लास्टिकची डबी दिली आणि थोडी माती आण म्हणाले. तिने चहा आणला. उत्तम चहा होता, पण दोघांत अजून पूर्वीचं बोलणं नाही.

या सगळ्या काळात त्यांची स्वतःची स्कूटर खाली पार्किंगमध्ये गंजत उभी आहे. बायको म्हणते, रंगवून घ्या. ते म्हणतात, हात लावू नकोस. मडगार्डवर गंज कसा पसरतो, पावसानंतर ओघळ कुठून कुठे जातो, याची ते दर रविवारी नोंद घेतात.

एका गोष्टीत मात्र मॉडेलकर कच्चा असतो, आणि ती म्हणजे माणूस. पस्तिसाव्या हिश्शाच्या चेहऱ्यावर डोळा काढायला गेलं की सैनिक हटकून भूत बघितल्यासारखा दिसतो. म्हणून ट्रकवाल्यांचे ट्रक नेहमी उभे असतात आणि चालक नेहमी कुठेतरी गेलेला असतो.

नाशिकच्या त्या मॉडेलकरांच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर निवृत्त सुभेदार राहायला आले. मूळचे साताऱ्याकडचे, सगळी हयात तोफखान्याच्या एमटीत, म्हणजे मोटारींच्या खात्यात. मॉडेलकरांना हे कळल्यावर दोन रात्री झोप लागली नाही. आयुष्यात पहिल्यांदा खरा जाणकार येणार होता! त्यासाठी त्यांनी ट्रक पाटावर चिकटवायचा थांबवला. पोहे झाले, चहा झाला. मग पांढऱ्या कापडावर ट्रक समोर आला. सुभेदारांनी चष्मा लावला आणि, मॉडेलकरांचा श्वास अडकला, ट्रक उचलून सरळ उलटा केला.

‘ह्यो डिफरन्शियल,’ सुभेदार म्हणाले.

‘हो! दुभागलेला आहे. मुद्दाम मागवला,’ मॉडेलकर जवळजवळ रडवेले.

‘तेल गळतंय.’

‘ते मीच काढलंय. चार रंग आहेत त्यात.’

‘तुम्ही काढलंय?’ सुभेदारांनी चष्म्यावरून बघितलं. ‘सील गेलंय ह्याचं.’

मग त्यांनी अंगठ्याने टायर दाबला. ‘हवा कमी हाय. सगळ्याच चाकांत.’ फाळक्यावरून बोट फिरवलं. ‘रंग गेलाय. शेवटचा कवा मारला?’ टाकीपाशी नाक नेलं. ‘हितनं पेट्रोल सांडलंय. विडी वढणारा एक भेटला की झालं.’ आणि चिखलापाशी आल्यावर त्यांना बोलवेना. ‘साहेब, आमच्यात मेंटेनन्स परेडला असली गाडी उभी केली असती ना, तर सीओ साहेबांनी गाडी न्हाई, मला धुतला असता.’

‘पण ती लढाईवरून आलीय,’ मॉडेलकर क्षीणपणे म्हणाले.

‘आली न्हवं? मग धुवायची. जेवायच्या आधी धुवायची.’ सुभेदारांनी ट्रक खाली ठेवला, चारी बाजूंनी फिरून बघितलं. ‘आग विझवायची बादली न्हाई. बॉनेट उघडं. आन ड्रायव्हर कुटं गेला?’

मॉडेलकरांनी नेहमीचं उत्तर दिलं. ‘चहाला गेलाय.’

‘बॉनेट उघडं टाकून? कवा गेलाय?’

‘ऑक्टोबरात,’ मॉडेलकर खरं बोलले.

सुभेदार उठले, चप्पल पायात घातली. ‘मग त्याला भगोडा लावा,’ ते दारातून म्हणाले, ‘आन सील तेवढं आजच्या आज बदला.’