पाणी येऊलालंय

आमच्या गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप गट एकाच पवित्र हेतूनं जन्माला आला. पाणी आलं की सांगायचं. सोलापूरचं पाणी उजनीहून शंभरावर किलोमीटर लांबून येतं, आणि लांबच्या पाहुण्यासारखंच वागतं. रोज येत नाही, येतं तेव्हा वेळ कळवत नाही. म्हणून ज्याचा नळ आधी गुरगुरेल त्यानं गटावर टाकायचं आणि बाकीच्यांनी मोटार, हौद, बॅरल, घागरी घेऊन सज्ज व्हायचं, असं ठरलं.

पहिले पंधरा दिवस गट अगदी सरळ होता. "आलं का?" आणि "आलं." एवढंच साहित्य त्यावर यायचं. मराठीत इतकं नेमकं लेखन मी फार कमी वाचलंय.

सोळाव्या दिवशी पहाटे पाचला अण्णांनी सूर्योदय टाकला. त्यावर गुलाब, गुलाबावर दव आणि दवाच्या खाली सुविचार. अण्णा पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर मागाचा खडखडाट ऐकल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना शांततेबद्दल बोलायची फार हौस. घरात तेलुगू, बाजारात कन्नड, भांडायला मराठी, असा त्यांचा सोलापुरी कारभार. पण सुविचार मात्र शुद्ध पुस्तकी मराठीत. आणि नुसता सुविचार टाकून ते थांबत नाहीत. खाली लिहितात, "प्रत्येकानं यावर चिंतन करून दोन ओळी लिहाव्यात."

सुविचाराचं आणि माझं शाळेपासून वाकडं आहे. परिपाठात फळ्यावरचा सुविचार वाचून दाखवायची पाळी एकदा माझ्यावर आली. 'नेहमी खरे बोलावे.' मी खणखणीत आवाजात वाचला. पुढच्याच तासाला गुरुजींनी गृहपाठाबद्दल विचारलं, तेव्हा तो अजून फळ्यावर होता. म्हणून खरं बोललो. छडी ओली होती एवढं आठवतंय. तेव्हापासून मी सुविचार वाचतो, पण करून बघत नाही.

गल्लीतले लोक माझ्यापेक्षा भाविक. कुणी जोडलेले हात पाठवतं, कुणी फुलं, कुणी "अप्रतिम अण्णा". सुविचाराखाली थोरामोठ्यांची नावं असतात, म्हणून नाही म्हणायची सोय नाही. एकदा स्वामी विवेकानंदांनी आम्हाला मोबाईल कमी वापरा असं बजावलं. विवेकानंद 1902 साली गेले. व.पु. काळे तर आठवड्यातून तीनदा लिहितात. वपु गेले 2001 साली, व्हॉट्सअ‍ॅप निघालं 2009 साली; पण त्यांच्या लेखनाचा सगळ्यात जोमाचा काळ हा मधला खंड संपल्यावरच सुरू झालेला दिसतो.

हे नेमकं सोलापुरात घडावं याचं मला वाईट वाटतं. आमच्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी, बाराव्या शतकात कन्नडमध्ये वचनं लिहिली आणि वचनात 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही आपल्या आराध्यदैवताच्या नावाची मुद्रा ठेवली. आठशेहून जास्त वर्षं झाली, तरी वचन कुणाचं ते मुद्रेवरून कळतं. शिवाय नुसती वचनं सांगून ते मोकळे झाले नाहीत. देवळाभोवतीचं तळं त्यांनी लोकांना बरोबर घेऊन खोदलं, असं गाव मानतं. आज त्याच तळ्याच्या काठी सकाळी फिरायला गेलं, तर लोक पाण्यावरच्या सूर्याचे फोटो काढत उभे असतात. कशाला, ते दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कळतं.

रिक्षांवरचे सुविचार मला त्या मानानं प्रामाणिक वाटतात. अक्कलकोट इथून जवळ, त्यामुळे स्वामी पाठीशी असल्याचं आश्वासन निम्म्या रिक्षांच्या मागच्या काचेवर असतं. सात रस्त्याला अशा रिक्षानं करकचून ब्रेक मारला की माझ्या लक्षात येतं, तिच्या पाठीशी या क्षणी मी आहे. तिथल्यासारखं चिंतन दुसरीकडं कुठं होत नाही.

पण मूळ दुःख पाण्याचं. त्या मंगळवारी अण्णांचा सुविचार होता, 'संधी सांगून येत नाही.' चिंतन रंगलं. एकानं मुलाच्या नोकरीचा दाखला दिला, दुसऱ्यानं विकायची राहून गेलेली जमीन आठवली. नवव्या क्रमांकावर कोपऱ्यावरच्या मावशींनी लिहिलं, "पाणी आलंय."

अण्णांनी लगेच उत्तर दिलं, "वा मावशी! पाणी म्हणजेच संधी. किती थोडक्यात सांगितलंत!"

त्यावर 23 जणांनी हात जोडले. मी आंघोळीला पाणी नाही म्हणून गट उघडला, तोवर संधी पुढच्या गल्लीत गेली होती.

संध्याकाळी मी तणतणत अण्णांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढं केली. सोलापुरात भांडायला आलेल्याला आधी खायला घालतात. कडक भाकरी चावताना आवाज चढवता येत नाही.

"अण्णा, सुविचार जरा आवरा की."

"का बे? वाईट काय करूलालोय मी?"

"वाईट नाही. पण कुणाचं तरी काहीतरी टाकता. स्वतःच्या अनुभवाचं, उपयोगाचं असं एखादं टाका. आणि खाली नाव स्वतःचं घाला."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. पहिल्यांदाच त्यांना चिंतन करताना मी समोर बसून बघितलं.

शनिवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मोबाईल वाजला. तोच सूर्योदय, तोच गुलाब, तेच दव. मधोमध वेलबुट्टीच्या सोनेरी अक्षरांत एकच ओळ होती, 'पाणी येऊलालंय.' आणि खाली उजव्या कोपऱ्यात, वपुंचं असायचं त्या जागी, 'अण्णा'.

बघता बघता 31 जणांनी हात जोडले. मी मोटार लावली. हौद काठोकाठ भरला.