अंगठ्या मोजा, पण बेताने

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या चाहत्यांत दोन मोठे पंथ आहेत. एक मायकेल जॉर्डनचा, दुसरा लेब्रॉन जेम्सचा. दोन्हीकडचे लोक एरवी सज्जन असतात. पण ‘आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण’ हा प्रश्न निघाला, की त्यांचं न्यायालय तिथल्या तिथे भरतं. तिथे निकाल आधी लिहितात आणि पुरावा सवडीने गोळा करतात. या न्यायालयात नव्याने वकिली करू इच्छिणाऱ्यांच्या सोयीसाठी तिथले प्रमुख कायदे खाली देत आहोत.

कायदा पहिला : मोठेपण अंगठ्यांवरून ठरतं. विजेत्या संघाच्या खेळाडूंना तिकडे अंगठी मिळते. जॉर्डनच्या सहा, लेब्रॉनच्या चार. खटला निकाली. एवढ्यात मागच्या बाकावरून एखादा आगाऊ माणूस बिल रसेलचं नाव घेतो. बोस्टनच्या या महापुरुषाने तेरा हंगामांत अकरा जेतेपदं मिळवली. यावर तातडीने पोटकलम निघतं : तेव्हा बरीच वर्षं लीगमध्ये आठ-नऊच संघ होते, सबब ती जेतेपदं सवलतीच्या दरातली. बरं, मग रॉबर्ट हॉरी? ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो अशा तीन संघांकडून त्याच्या सात अंगठ्या झाल्या, आणि त्याही 1994 ते 2007 या काळात. तर म्हणे तो संघाचा मुख्य खेळाडू नव्हता. बरं, करीम अब्दुल जब्बार? तो मुख्य होता, अंगठ्या जॉर्डनइतक्याच सहा आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मिळालेले पुरस्कार जॉर्डनहून एक जास्त. त्याचं नाव निघालं की सगळे आदराने मान डोलावतात आणि पुढचा मुद्दा घेतात. थोडक्यात, अंगठ्या जरूर मोजाव्यात, पण बेरीज आपल्या माणसापाशी थांबली पाहिजे.

कायदा दुसरा : हरायचं असेल तर लवकर हरावं. जॉर्डन सहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि सहाही वेळा जिंकला. लेब्रॉन दहा वेळा गेला आणि सहा वेळा हरला. हे सहा पराभव त्याच्या कपाळी कायमचे गोंदले गेले आहेत. जॉर्डनच्या पहिल्या तिन्ही हंगामांत शिकागो बुल्स पहिल्याच फेरीत गारद झाले. 1986 मध्ये त्याने बोस्टनविरुद्ध एका सामन्यात 63 गुण केले, तरी मालिका 3-0 अशी गेली. पण ते पराभव अंतिम फेरीतले नसल्यामुळे झालेच नाहीत असं धरायचं. म्हणजे बारावीला बसून नापास झालेला तो ढ, आणि अकरावीतच अडकला तो स्कॉलर! लेब्रॉनला कुणी वेळेवर हा सल्ला दिला असता, तर तो उपांत्य फेरीतच दुखापतीचं सोंग घेऊन आपली कीर्ती वाचवू शकला असता.

कायदा तिसरा : समोरच्याच्या प्रत्येक अंगठीवर फुली मारता येते. लेब्रॉनची 2020 ची अंगठी? कोविडमुळे सामने डिस्ने वर्ल्डच्या आवारात झाले, म्हणून ती मिकी माऊसची. 2016 ची? 73 सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटविरुद्ध 3-1 अशा पिछाडीवरून ती मिळवली खरी, पण त्यांच्या ड्रेमंड ग्रीनवर एका सामन्याची बंदी होती ना! जॉर्डनच्या अंगठ्या? नव्या संघांची भरती करून लीग पातळ केली होती. केव्हिन ड्युरंटच्या दोन? ज्या संघाने हरवलं त्याच्याच घरी जाऊन राहिला, त्या भाड्याच्या. हकीम ओलाजुवॉनच्या दोन? तेव्हा जॉर्डन बेसबॉल खेळायला गेला होता. 1995 च्या मार्चमध्ये तो परतला होता आणि ऑरलँडोकडून हरलाही होता, ही बाब न्यायालय कामकाजातून काढून टाकतं.

कायदा चौथा : शंका उरली तर अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार पाहावा. जॉर्डनकडे असे सहा आहेत. अकरा जेतेपदांच्या रसेलकडे एकही नाही. कारण हा पुरस्कार सुरू झाला 1969 मध्ये, रसेलच्या शेवटच्या हंगामात, आणि तो दिला गेला हरलेल्या लॉस एंजेलिसच्या जेरी वेस्टला. 2009 पासून त्या पुरस्काराला नाव आहे बिल रसेलचं. ज्याला तो कधी मिळाला नाही त्याच्या नावाचा पुरस्कार मोजून आपण त्याला खालच्या पायरीवर बसवतो. यात विसंगती दिसत असेल, तर तुम्ही अजून वकिलीला लायक झालेला नाहीत.

आता मराठी माणसाने कुठल्या पंथात जावं? आम्ही तिसरा सुचवतो. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2013 पासून सॅक्रामेंटो किंग्जच्या मालकांचे म्होरके आहेत. ऑक्टोबर 2019 मध्ये हाच संघ वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळून गेला. पुढे त्याने प्लेऑफला सलग 16 हंगाम मुकण्याचा विक्रम केला. 2023 मध्ये एकदाचा पोहोचला, तर पहिल्याच फेरीच्या सातव्या सामन्यात स्टीफन करीने 50 गुण करून त्याला घरी पाठवलं. म्हणजे दुसऱ्या कायद्यानुसार, लवकर हरून त्याने अब्रू राखली.

शिवाय हा संघ रोचेस्टर रॉयल्स या नावाने खेळत असताना, 1951 मध्ये, एनबीएच्या अंतिम फेरीत गेला आणि जिंकला. त्यानंतर तो अंतिम फेरीत गेलेलाच नाही, त्यामुळे हरण्याचा प्रश्नही आला नाही. एकदा गेला, एकदा जिंकला : शंभर टक्के यश, अगदी जॉर्डनइतकं. तेव्हा वाचकहो, याच न्यायालयाच्या कायद्यांनी सॅक्रामेंटो किंग्ज हा लेब्रॉनहून श्रेष्ठ आणि जॉर्डनच्या तोडीचा ठरतो. निकाल लागला, पुरावा तुम्ही सवडीने शोधा.