पुढच्या सीटवरचा चिखल

पुण्यात सायकलवाल्यांचे दोन वर्ग आहेत: सायकलवरून जाणारे आणि सायकलला घेऊन जाणारे. पहिल्या वर्गाने एके काळी या शहराला ‘सायकलींचं शहर’ असं नाव मिळवून दिलं आणि मग तो हळूहळू स्कूटरवर बसून निघून गेला. दुसऱ्या वर्गात मी मोडतो. आम्ही रविवारी पहाटे सायकल गाडीच्या डिकीत कोंबतो, चांदणी चौक ओलांडतो, मुळशीच्या अलीकडे कुठेतरी गाडी लावतो, सायकल बाहेर काढून चालवतो आणि पुन्हा गाडीत घालून घरी आणतो. आमच्या सासूबाईंनी यावर एकदाच शंका काढली. “सायकल चालवायला जायचं, तर तिला गाडीत बसवून कशाला नेता?” मी हायवे, ट्रक, धूर, गुडघे अशी बरीच कारणं दिली. त्या “बरं बरं” म्हणाल्या. जावयाला याहून जास्त बोलायची पद्धत नाही.

उन्हाळ्यात या सगळ्याचा कुणाला त्रास नसतो. जून उजाडला की प्रश्न सुरू होतो, कारण मुळशी-ताम्हिणीचा चिखल हा आपोआप झालेला चिखल नव्हे. तो मुद्दाम, कष्टाने केलेला असतो. भाताच्या लावणीआधी शेतकरी खाचरात पाणी भरून चिखलणी करतात, म्हणजे माती इतकी घोटतात की पाणी खाली झिरपू नये आणि रोप सहज रोवता यावं. तोच मुरलेला माल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येतो आणि त्यात गाई-म्हशी आपापली भर घालतात. तेव्हा तुम्ही ज्याला चिखल म्हणता त्यात शेण किती, हे गाडीच्या काचा बंद करून एसी लावल्यावर कळतं. पिरंगुटपर्यंत पक्कं कळतं.

गाडी स्वच्छ ठेवण्याचे सर्व उपाय मी अभ्यासले आहेत. वर्तमानपत्र हा पहिला आणि सर्वांत वाईट. ओल्या चाकाखाली कागदाचा लगदा होतो आणि अग्रलेख सीटला कायमचा चिकटतो. जुनी चादर चिखल अडवते, पण पाणी खाली सोडते. म्हणजे गाडीत माती नाही, फक्त वास. ताडपत्री उत्तम, पण नवी ताडपत्री ताठ असते. ती घडी मोडू देत नाही आणि वळणावर सायकलसकट सरकते.

या सगळ्यांत श्रेष्ठ म्हणजे फ्लेक्स. चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन सेवानिवृत्त झालेला फ्लेक्स मिळवावा. तो पाणी पीत नाही, फाटत नाही, कडांना रिंगा असल्या तर दोरीने बांधताही येतो. माझ्याकडे एका इच्छुक उमेदवाराचा आहे. त्यांना तिकीट मिळालं नाही. ते हात जोडून, मंद हसत आमच्या डिकीत आडवे पसरलेले असतात आणि मागचं चाक बरोबर ‘आपला माणूस’ या शब्दांवर टेकतं. घरी आल्यावर त्यांना गच्चीच्या कठड्यावर टाकून नळीने धुतो. शेजाऱ्यांना माझं राजकारण कोणतं, याचा अजून पत्ता लागलेला नाही.

सायकल गाडीच्या आत घालायचीच कशाला, बाहेर कॅरियरला लटकवावी, असं सांगणारे भेटतात. त्यांनी स्वतः लटकवलेली नसते. मागच्या कॅरियरवरची सायकल नंबरप्लेट आणि दिवे झाकते, म्हणजे हवालदारसाहेबांशी संभाषणाची सोय झाली. शिवाय पावसात गाडीची चाकं जे पाणी मागे उडवतात ते थेट तिच्यावर. धुऊन बांधलेली सायकल घरी येईपर्यंत पुन्हा मळते. छतावरचा कॅरियर दिसायला रुबाबदार, फक्त छतावर सायकल आहे हे मॉलच्या पार्किंगच्या आडव्या दांड्यापाशी आठवायला हवं. आमच्या एका मित्राला ते आठवलं, पण दांड्यानंतर.

तेव्हा आत. हॅचबॅकची मागची सीट पाडायची आणि सायकलचं पुढचं चाक काढायचं. ते एका खटक्यात निघतं, याबद्दल तुल्लिओ काम्पान्योलो या इटालियन गृहस्थांचे आभार मानावेत. चाकाचा हा खटका त्यांनीच आणला, असं सांगतात. सायकल आडवी करताना चेनची, म्हणजे उजवी बाजू वर ठेवायची. डावीकडे फक्त चिखल असतो, उजवीकडे चिखल आणि वंगण. चिखल वाळला की झटकता येतो. वंगणाचा काळा अर्धगोल मात्र सीटवर बसला की बसला; त्यावर टाल्कम पावडर, भांड्यांचा साबण, यूट्यूब सगळं होतं, आणि शेवटी त्यावर उशी ठेवतात. आणि डिस्क ब्रेक असतील तर चाक काढलेलं असताना ब्रेकचा दांडा चुकूनही दाबू नका. आतले पॅड एकमेकांना भेटतात आणि मग डिस्कला आत घेत नाहीत. मधल्या फटीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवावा. लग्नपत्रिका चालते. साखरपुड्याची पातळ असते.

खरं शहाणपण म्हणजे सायकल गाडीत घालण्याआधीच धुणं. पण धुवायची कुठे? सर्व्हिसिंग सेंटरवरचा प्रेशरचा फवारा चिखल क्षणात उडवतो, हे खरं. बेअरिंगमधलं ग्रीसही तो त्याच क्षणात उडवतो. मग पुढच्या महिन्यात पेडल मारताना दळण दळल्यासारखा आवाज येतो. ओढ्यात धुवायची तर खाली कुणीतरी पाणी भरत असतं. यावर मला सापडलेलं उत्तर कृषी सेवा केंद्रात मिळतं: बागेत औषध मारायचा दोन लिटरचा छोटा हातपंप. दाब बेताचा, पाणी थोडं, आणि एक जुना ब्रश. फक्त पंप नवा कोरा घ्यावा. आधी कीटकनाशक भरलेला घेऊ नये, हे कुणी सांगायला नको, पण आपल्याकडे काटकसर ही मोठी गोष्ट आहे.

एवढी तयारी करून, उमेदवाराच्या कुशीत सायकल धुऊन-पुसून ठेवून मी विजयी मुद्रेने घरी येतो. बायको डिकी उघडून बघते. स्वच्छ. मागची सीट बघते. स्वच्छ. मग पुढचं दार उघडते आणि म्हणते, “अहो, हे काय?”

ड्रायव्हरच्या सीटवर, पाठीच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत चार बोटं रुंद तपकिरी पट्टा. डोंगरातल्या सायकलला मडगार्ड लावणं कमीपणाचं मानतात, त्यामुळे मागचं चाक सगळा माल उचलून चालवणाऱ्याच्या पाठीवर आणि त्याखालच्या भागावर लिंपतं. ते स्वतःला दिसत नाही. पायांखालच्या मॅटवर बुटांनी चिखलणी केलेली असते, फक्त रोपं लावायची बाकी. गिअरवर बोटं, काचेच्या बटणावर बोटं, रेडिओवर सुद्धा. सायकल बिचारी मागे गुंडाळून गप्प पडलेली असते. गाडी घाण करतो तो सायकलस्वार, आणि त्याच्यावर फ्लेक्स घालायचं कुणाला सुचत नाही.

त्यामुळे कपडे गाडीत बसण्याआधी बदलावे लागतात. भर रस्त्यात टॉवेल गुंडाळून कपडे बदलणं ही मराठी पुरुषाच्या रक्तातली विद्या आहे. पंढरपूरच्या वाळवंटात, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या ती जोपासली गेली आहे. पण ताम्हिणीच्या वाऱ्यात तिची खरी परीक्षा होते, त्यातून नेमकी त्याच वेळी समोरून सहलीची बस येते. मळके कपडे आणि बूट झाकणाच्या बादलीत टाकावेत. पिशवीत नको, पिशवी गळते. ज्यांना हे जमत नाही त्यांनी सीटला कचऱ्याची मोठी काळी पिशवी वरून चढवून तिच्यावर बसावं. घाम येतो, प्रत्येक वळणावर चर्र आवाज येतो, पण घरी शांतता राहते.

हे झालं घाटमाथ्यापुरतं. कोकणात उतरणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथल्या जांभ्याच्या मातीत लोहाची ऑक्साइडं असतात, म्हणजे तो नुसता चिखल नसून पक्का रंग असतो. रत्नागिरीला घातलेला पांढरा सदरा पुन्हा पांढरा झाल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि गाडीच्या मऊ बदामी सीटची तर बातच सोडा. तेव्हा नवी सीट कव्हरं शिवायला टाकताय तर सरळ विटकरी रंगाची टाका. दुकानदार आश्चर्याने बघेल. आवडतो म्हणून सांगा.