मुलगा नक्की करतो काय?

“काकू, आहात का? थोडा कढीपत्ता हवा होता. आणि एक विचारायचं होतं.”

“कढीपत्ता निमित्ताला असेल. विचार.”

“तो कोपऱ्यावरच्या बंगल्यातला मुलगा. कंपनी सोडली म्हणे त्याने? दूधवाला सांगत होता, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याच्या खोलीत रंगीबेरंगी उजेड असतो.”

“दूधवाला रात्री दोनला तिथे काय करत होता, ते विचारलंस का?”

“काकू! अहो, माझ्या मावसबहिणीसाठी चौकशी चाललीये. पत्रिका जुळतेय, मुलगा दिसायला बरा आहे, पण करतो काय हे कुणी धड सांगत नाही. आई म्हणते कलाकार, वडील म्हणतात सॉफ्टवेअर.”

“दोघंही खरंच सांगतात. लोक सोशल मीडियावर जे लिहितात ना, त्याची चित्रं करतो तो.”

“म्हणजे पोस्ट वाचायची आणि चित्र काढायचं?”

“छे गं, तो हाताने काहीच काढत नाही. नियम लिहितो. समज, कुणाच्या पोस्टमध्ये ‘पाऊस’ आला की एक निळी रेघ उमटायची. वाक्य लांब असेल तर रेघ लांब. सोबत हसरा चेहरा टाकला असेल तर रंग पिवळा. पोस्टी येतील तसतसं पडद्यावर चित्र आपोआप वाढत जातं. जनरेटिव्ह आर्ट म्हणतात त्याला. सकाळी बघितलेलं चित्र संध्याकाळी मागितलंस तर मिळायचं नाही.”

“मग यात त्याचं काय? लिहिणार लोक, काढणार कॉम्प्युटर!”

“मीही हेच म्हणायचे. पण लेकीच्या बाळंतपणाला सॅन होजेला गेले होते, तेव्हा तिथल्या म्युझियममध्ये ‘लिसनिंग पोस्ट’ बघितलं. मार्क हॅन्सन म्हणून एक संख्याशास्त्रज्ञ आणि बेन रुबिन म्हणून एक कलाकार, या दोघांनी केलंय. अंधारी खोली, समोर २३१ चिमुकले पडदे, आणि त्यांवर जगभरच्या चॅटरूममधली वाक्यं सरकतायत. मधूनच एक यांत्रिक आवाज ती वाचून दाखवतो. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने ते मांडलं, तेव्हा फेसबुकचा जन्मही झाला नव्हता.”

“तुम्हाला कळलं काय त्यातलं?”

“एका भागात ‘आय अ‍ॅम’ने सुरू होणारी वाक्यं तेवढी घेतली होती. कुणी वय सांगतंय, कुणी गाव, कुणी आपलं दुखणं. बाकी सगळं गाळलेलं. अनोळखी माणसं एकामागून एक आपण कोण ते सांगतायत, आणि बाकावरचं कुणी उठायला तयार नाही. तेव्हा कळलं, लाखो वाक्यांतलं कुठलं उचलायचं आणि कुठलं सोडायचं, खरं काम तिथे आहे.”

“हे तर आपल्या वाड्यातल्या आजीसारखं झालं. दिवसभर सगळ्यांचं ऐकायची, आणि संध्याकाळी नेमकी एकच गोष्ट सांगायची.”

“आणि ती एक गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीत! बरं, मग २००६ साली जोनाथन हॅरिस आणि सेप कामवार या दोघांनी ‘वी फील फाइन’ केलं. ब्लॉगवर कुणी ‘आय फील’ किंवा ‘आय अ‍ॅम फीलिंग’ लिहिलं की ते वाक्य त्यांचा प्रोग्रॅम उचलायचा. प्रत्येक वाक्याचा एक रंगीत ठिपका. ठिपक्याला हात लावला की वाक्य उघडायचं. लिहिणाऱ्याचं वय, गाव कळलं तर तेही, आणि त्या गावात तेव्हा ऊन होतं की पाऊस, तेसुद्धा.”

“बाई गं! एवढं तर मीसुद्धा विचारत नाही.”

“तू विचारतेस. हवामान तेवढं सोडतेस.”

“काकू, टोमणे नकोत. पुढे सांगा.”

“मला सगळ्यात आवडतं ते ख्रिस्तोफर बेकरचं, २००९ सालचं ‘मर्मर स्टडी’. दुकानात बिल देतात ना, तसले ३० छोटे प्रिंटर भिंतीवर टांगले. ट्विटरवर कुणी ‘आर्घ’, ‘मेह’, ‘हम्फ’ असले उद्गार काढले की ती पोस्ट छापून यायची. कागदाच्या पट्ट्या वरून उतरतायत आणि जमिनीवर ढीग साचतोय.”

“मराठीत करायला हवं कुणीतरी. ‘शी बाई’, ‘हुश्श’, ‘अय्या’. कागद पुरायचा नाही.”

“याच्या डोक्यात तेच आहे. पण मराठीचा घोळ असा, की निम्मे लोक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. एकच ‘हुश्श’ चार तऱ्हांनी. ते सगळं नियमात बसवता बसवता रात्रीचे दोन वाजतात. आणि दुसरं म्हणजे आपला तिरकसपणा. लंडनला २०१२च्या ऑलिम्पिकच्या वेळी ट्वीटांचा सूर चांगला की वाईट ते मोजून, त्यावर ‘लंडन आय’ या मोठ्या चक्राचे दिवे रंगवायचे. तसलं मोजमाप इथे लाव. ‘वा, काय सुरेख रस्ते केलेत नगरपालिकेने!’ असं कुणी लिहिलं की मशीन म्हणणार, लोक भलतेच खूश आहेत.”

“आणि आख्खं गाव पिवळंधमक! बरं, याला शिकवलं कुणी? कोर्स केलाय का?”

“‘प्रोसेसिंग’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू केलेलं. चित्रकारांना प्रोग्रॅमिंग यावं म्हणूनच केलंय, आणि फुकट मिळतं. त्यावर शिकला, घरबसल्या.”

“फुकट शिकला ते छान. पण पोट भरतं का?”

“जुन्या कंपनीचं थोडं काम घरून करतो. शिवाय ऑफिसांच्या लॉबीत असली कामं लागतात. त्या हॅन्सन-रुबिन जोडीनेच न्यूयॉर्क टाइम्सच्या इमारतीत ५६० पडदे लावलेत, त्या पेपरमधलाच मजकूर घेऊन. पण खरं सांगू? काळजी वेगळीच आहे. पोस्टी ज्या दारातून येतात, ते एपीआय म्हणतात ते दार, कंपनीच्या मालकीचं. ट्विटरने २०२३ मध्ये फुकटचं दार बंद केलं. तोवर त्याच्यावर चालणाऱ्या कितीतरी गोष्टी बसल्या. नियम जागेवर, पडदा जागेवर, आत यायला पोस्टच नाही.”

“अगं बाई! मग आता?”

“आता ब्लूस्काय, मॅस्टोडॉन असल्या ठिकाणांहून घेतो, तिथली दारं अजून उघडी आहेत. आणि विकिपीडियावर तर कुणीही लेख दुरुस्त केला की लगेच कळतं. २०१३ मध्ये दोघांनी त्याचंच संगीत केलं, ‘लिसन टु विकिपीडिया’. मजकूर वाढला की घंटा, काढला की तार छेडल्याचा आवाज, आणि जितका बदल मोठा तितका स्वर खालचा.”

“काकू, एक सांगा. मी माझ्या नणंदेबद्दल काही लिहिलं, तर तेही कुणाच्या चित्रात जाईल?”

“सगळ्यांना दिसेल असं लिहिलंस तर जाईल की. तुला कुणी विचारायलाही येणार नाही. हा मुलगा नावं काढून टाकतो, लहान मुलांचे फोटो घेत नाही, आणि पोस्ट पडद्यावरून गेली की साठवून ठेवत नाही. त्याचे नियम मी मुद्दाम विचारून घेतलेत. पण सगळेच असं करतील याचा भरवसा नाही.”

“म्हणजे तुमचं मत काय? मावशीला काय कळवू?”

“स्थळ चांगलं आहे म्हणून कळव. ज्याला काय गाळायचं ते कळतं, तो संसारही नीट करेल. काय करतो, असं त्याच्या आईवडिलांना विचारत बसू नका. मुलीला घेऊन या आणि त्यालाच त्याचं काम दाखवायला सांगा. आणि मावशीला बजावून सांग, सगळं ठरेपर्यंत कुणीही कुठेही एक ओळसुद्धा पोस्ट करायची नाही.”