सागवानावर प्लॅस्टिकचे सागवान कसे चढवावे

कारंजा, रिसोड, मंगरूळपीर किंवा खुद्द वाशीमच्या जुन्या वस्तीत ज्यांचा वाडा अजून उभा आहे, माडीवर फळ्यांची पडदी आहे, भिंतीत सागवानी फडताळे आणि डोक्यावर कडीपाट आहे, अशा दुर्दैवी कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवात लाज वाटून घेण्यापासून करावी. ती आपोआप वाटत नसेल तर घरात सोयरीक काढावी. पाहुणे चहा पिताना भिंतीकडे बघतात आणि ‘जुनं घर दिसते’ एवढेच म्हणतात. तेवढे पुरते.

मग वाढई बोलवावा. म्हातारा नको. म्हातारा वाढई फळीवर बोटाने टकटक करतो आणि म्हणतो, ‘भाऊ, असं सागवान आता भेटत नाई, काहून काढता?’ अशाने कामाचा विचका होतो. मोबाइलमध्ये डिझाइनचे फोटो असलेला तरुण मिस्त्री पाहावा.

फळ्यांवर आधीच्या पिढीने लावलेला पिस्ता रंगाचा ऑइल पेंट असणारच. त्यांनाही लाज वाटली होती. तो कोरडा घासून धूळ घरभर उडवण्याची पद्धत आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. नव्या रंगात त्याची मर्यादा ९० पीपीएम ठरून ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. तेव्हा लहान मुले घरात असतील तर त्यांना आठ दिवस मामाकडे पाठवावे, पाणी मारून घासावे आणि तोंडाला मास्क बांधावा. एवढा एक सल्ला कृपया गंभीरपणे घ्यावा.

आता फळ्या उपटाव्यात. जुने लाकूड घेणारा दारात येतो, तोंड वाकडे करतो, ‘किडकं आहे’ म्हणतो आणि टेम्पो भरून नेतो. पुढे हेच खांब आणि दारे एखाद्या शहरी हॉटेलात उभी राहतात. तिथे आपण जादा पैसे मोजून पिठलं-भाकरी खातो आणि मुलांना सांगतो, ‘आपल्या घरी अस्सेच होते.’

रिकाम्या भिंतीवर जंगली लाकडाच्या पट्ट्या ठोकून पीव्हीसी पॅनेल बसवावे. रंग निवडताना गोंधळू नये. दुकानात सर्वाधिक मागणी असलेला घ्यावा, म्हणजे सागवानी. रेषा, गाठी, सगळे छापलेले असते. पांढऱ्या मातीची भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. पॅनेलमागे ती ओल कोंडते. अंधार, गारवा आणि मऊ पट्ट्या असा सगळा पाहुणचार मिळाल्यावर वाळवी येते. जुन्या सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही, म्हणून इतकी वर्षे बिचारीची उपासमार झाली होती. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पॅनेल फुगून पुढे येते. ते ‘थ्रीडी’ आहे असे सांगावे.

वासाचाही प्रश्न असतो. कारंज्यात कस्तुरीची हवेली आहे. ती बांधताना एका व्यापाऱ्याने उंटांवरून आलेली कस्तुरी गाऱ्यात ओतली, असे सांगतात. आपण सिलिकॉनच्या वासावर भागवावे. पाहुण्यांना लाकूडकाम बघायचेच असेल तर काष्ठासंघ जैन मंदिरात न्यावे, तिथल्या कोरीवकामापुढे हळहळावे आणि परत येऊन पॅनेलखाली पंखा लावून बसावे.

अगदीच आळशी माणसासाठी एक कमी दर्जाचा मार्ग आहे. रंग काढून फळी रेषेच्या दिशेने बारीक पॉलिशपेपरने घासायची, अळशीचे डबल बॉइल तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे करून पातळ हात मारायचा, जास्तीचे पुसून घ्यायचे. दोन-तीन हातांत लाकूड मधासारखे उजळते. तेलाच्या चिंध्या ढीग करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात. खोली अंधारी वाटत असेल तर फळ्यांवरच्या भिंतीला पांढरा चुना द्यावा. या मार्गात शेजाऱ्यांना दाखवण्यासारखा खर्च होत नाही, ही मोठी उणीव आहे.

आणि एवढे वाचूनही टेम्पो बोलावणारच असाल, तर निदान वजनावर देऊ नका. सागवान घनफुटाने मोजतात.