दिवंगतास टेक्सासच्या विधिमंडळात सन्मान मिळवून देण्याची रीत

गावातला भला माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो, ही आपल्याकडची रीत. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात त्याच्या नावाने थेट विधिमंडळात ठराव होतो. आपल्याकडे शोकप्रस्ताव बहुतेक आजी-माजी सदस्यांच्या वाट्याला येतात. तिकडे आयुष्यभर पेट्रोलपंप चालवलेला गृहस्थ चालतो, पोरांना बेसबॉल शिकवणारा मास्तर चालतो, चर्चच्या जेवणावळीत बार्बेक्यूचा धूर खाल्लेले आजोबाही चालतात. इच्छुक नातेवाइकांनी पुढील क्रम पाळावा.

सर्वांत आधी मुहूर्त. टेक्सासच्या विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच भरते. विषम वर्षी, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी ते सुरू होते आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालते. एरवी राज्यपाल विशेष अधिवेशन बोलावतील तेवढेच. तेव्हा विषम वर्षाच्या जूनमध्ये वारलेल्याला नियमित अधिवेशनासाठी दीड वर्षाहून अधिक ताटकळावे लागते. समजूतदार माणसाने फेब्रुवारी साधावा.

मग आपल्या मतदारसंघाचा आमदार गाठावा. खालच्या सभागृहात १५०, वरच्यात ३१ सदस्य असतात. पगार महिना ६०० डॉलर, वर भत्ता. इतक्या पैशात कुणी शत्रुत्व ओढवून घेत नाही, आणि मृताच्या गौरवाला विरोध करणारा मतदार अजून जन्माला यायचा आहे. आमदार सहसा नाही म्हणत नाही. साध्या ठरावाला राज्यपालांची सहीही लागत नाही.

मसुद्यासाठी वर्तमानपत्रात छापून आलेली निधनवार्ता नेऊन द्यावी. विधिमंडळाकडे मसुदे लिहिणारी पगारी माणसे आहेत. ती या वार्तेला कायद्याचा कोट चढवतात: ज्याअर्थी दिवंगतांनी तरुणपणी नौदलात सेवा केली; आणि ज्याअर्थी ते गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक होते; आणि ज्याअर्थी त्यांच्या मागे पत्नी, मुले व नातवंडे असा परिवार आहे; त्याअर्थी हे सभागृह त्यांच्या स्मृतीस अभिवादन करते. पूर्णविराम थेट ‘त्याअर्थी’नंतर येतो, म्हणजे अख्खे आयुष्य एका वाक्यात बसवायचे. शेजाऱ्याशी कुंपणावरून चाललेले भांडण गाळावे. पण रोज पहाटे एकाच हॉटेलात, त्याच खुर्चीवर बसून ते चार मित्रांना तेच विनोद ऐकवत असतील, तर ते मात्र हट्टाने घालायला लावावे. बाकीचा मजकूर अर्ध्या टेक्सासला लागू पडतो. खुर्ची तेवढी त्यांची एकट्याची.

हे सगळे सभागृहात वाचतो कोण, असा प्रश्न काही खवचट लोक विचारतात. त्याचे उत्तर १९७१ साली वेको गावचे आमदार टॉम मूर यांनी देऊन ठेवले आहे. एप्रिल फूलच्या सुमारास त्यांनी आल्बर्ट डिसाल्वो नावाच्या गृहस्थाच्या गौरवाचा ठराव मांडला. लोकसंख्या नियंत्रणाच्या कामात या गृहस्थाने अनोखी तंत्रे वापरल्याचे त्यात कौतुक होते. ठराव एकमताने मंजूर झाला. डिसाल्वो म्हणजे ‘बोस्टन स्ट्रँगलर’ म्हणून कुख्यात झालेला, १३ स्त्रियांच्या खुनांची कबुली दिलेला माणूस. सहकारी न वाचताच हात वर करतात हे दाखवायचे होते, ते दाखवून मूर यांनी ठराव मागे घेतला. तो श्रद्धांजलीचा नव्हता, कारण सन्मानमूर्ती तेव्हा तुरुंगात जिवंत होती. १९७३ मध्ये तिथेच त्याचा खून झाला. नातेवाइकांनी यातून घाबरून जाऊ नये. वाचत नाहीत म्हणूनच तर मंजुरी इतकी सोपी आहे.

ठरावाच्या दिवशी कुटुंबाने राजधानी ऑस्टिनला, १८८८ साली बांधून झालेल्या तांबूस ग्रॅनाइटच्या इमारतीत जावे. प्रेक्षक गॅलरी तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली कोणी फोनवर, कोणी फायलीत, कोणी शेजाऱ्याच्या कानात गुंतलेला दिसेल. मात्र श्रद्धांजलीच्या ठरावावर उभे राहून मत देण्याची प्रथा आहे, त्यामुळे फोनवाल्यालाही उठावेच लागते. कधी अशा ठरावांची चळतच एकदम मंजूर होते. त्यात आपले कोणते हे शोधत बसू नये. तहकुबीच्या वेळी सभागृह दिवंगतांच्या स्मरणार्थ उठल्याची नोंद होते. ते एरवीही उठणारच होते, हे आजीला सांगायचे कारण नाही.

नंतर राज्याची मोहोर आणि अध्यक्षांची सही असलेली प्रत हाती येते. घेताच नावाची स्पेलिंग तपासावी. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी कुटुंबांनी तर ती मसुद्याच्या वेळीच आमदाराच्या कार्यालयात मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी, शेजारी उच्चारही द्यावा आणि आदल्या दिवशी फोन करून एकदा म्हणवून घ्यावा. आडनाव सहस्रबुद्धे असेल, तर दोनदा.