खाट आहे, पण रिकामी नाही

धर्मादाय रुग्णालय ओळखायचं कसं? दारात संगमरवर, आत कॉफीचं दुकान, आणि पाटीवर ‘धर्मादाय’ हा शब्द भिंग लावून वाचावा एवढ्या अक्षरांत. तरतूद मात्र मोठी दयाळू. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेत १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, शिवाय इतर रुग्णांच्या बिलांतले २ टक्के गरिबांच्या निधीत.

ती खाट तुम्ही पोहोचायच्या आधी नुकतीच भरलेली असते. नुकतीच म्हणजे कधी, हे विचारायचं नाही. समाजसेवा विभागातले साहेब जेवायला गेलेत. येतील, मग रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. (दाखला आधीच काढून मगच आजारी पडावं, एवढी दूरदृष्टी गरिबाकडे नसतेच.) तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागू नये, असंही योजनेत आहे. म्हणून काउंटरवर मागत नाहीत, नुसतं विचारतात, ‘‘किती भरताय?’’

आणि अर्ज लिहिताना खिशातला हप्त्यावरचा मोबाइल वाजला, तर संपलंच. ‘‘एवढा फोन परवडतो की तुम्हाला!’’